२०१६ चे माझे दहा अल्बम : प्रकल्प नोंदी

७ डिसेंबर २०२५, रविवार

नवीन वर्ष लागलं की २०१६ ला दहा वर्षं होतील. त्या वर्षातले आपले सगळ्यात आवडीचे दहा अल्बम निवडायचे हे बरेच दिवस डोक्यात होतं, आजपासून काम सुरू. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी संपवायचं कारण एकदा नंदीध्वज निघाले की घरात पाहुणे, पोरांना घेऊन होम मैदानावर चकरा, मग कुठलं ऐकणं न् कुठलं काय.

अल्बम म्हणतोय, सुटी गाणी धरायची नाहीत. आवडत्या गाण्यांची यादी चहा पिता पिता होते, अल्बम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकायचा, मध्ये एकही गाणं पुढं ढकलायचं नाही, आणि संपल्यावर परत लावावासा वाटला तर तो यादीत. किती विकला, किती अवॉर्ड मिळाले, व्ह्यूज किती, हे सगळं बाजूला.

नियम इथंच लिहून ठेवतो म्हणजे नंतर सोयीनं वाकवता येणार नाहीत. रिलीज २०१६ मधलंच पाहिजे, सिनेमाचा अल्बम असेल तर सिनेमाची तारीख धरायची कारण गाणी आधी एक-एक करून येतात आणि त्याचा हिशेब लागत नाही. या नियमानं 'कट्यार काळजात घुसली' बाहेर जातो, तो १२ नोव्हेंबर २०१५ चा, आणि मी तो २०१६ चं अख्खं वर्ष ऐकलाय, 'सूर निरागस हो' तर गणपतीत ज्या गल्लीत जावं तिथं होतं. जीव तुटतो पण बाहेर म्हणजे बाहेर. कोक स्टुडिओ पाकिस्तानचा नववा सीझन पण त्याच वर्षीचा, राहत फतेह अली खान आणि मोमिनाचं 'आफरीन आफरीन', आणि अमजद साबरींचं 'रंग', जे लोकांपर्यंत पोचायच्या आधीच जूनमध्ये कराचीत त्यांना गोळ्या घालून मारलं होतं. ते गाणं मी आजही एकट्यानंच ऐकतो. पण तो सीझन आहे, अल्बम म्हणून बांधलेला नाही, त्यामुळं तोही बाहेर.

भाषेची अट अजिबात ठेवणार नाही. सोलापुरात राहून नुसती मराठी-हिंदी यादी करणं मला पटत नाही, पूर्व भागात गेलं की दुकानादुकानात तेलुगू गाणी, अक्कलकोट रोडला लागलं की कन्नड, ही गाणी माझ्या कानावर लहानपणापासून पडत आलीत आणि ती काय परकी नाहीत.

१० डिसेंबर, बुधवार

जुना मोबाइल सापडला, मोबाइल मेलेला पण मेमरी कार्ड चालू. कार्ड रीडरला लावलं आणि २०१६ चं अर्धं वर्ष समोर आलं. तेव्हा नवी पेठेत एका मोबाइलच्या दुकानात गाणी भरून मिळायची, पोरगं विचारायचं मराठी का हिंदी का साउथ, आणि फोल्डरच्या फोल्डर टाकून द्यायचं. कार्डवर 'न्यू मराठी', 'तेलगू हिट', 'डीजे मिक्स' असे फोल्डर आहेत, आत प्रत्येक अल्बममधली एक नाहीतर दोन गाणी. 'उडता पंजाब' मधलं फक्त 'इक कुडी' आहे. 'मिर्झ्या' मधलं काहीच नाही. सैराटची मात्र चारही आहेत, आणि 'झिंगाट' तीन फोल्डरमध्ये तीनदा.

मग ५ सप्टेंबरला जिओ आलं आणि सगळं बदललं, फुकट डेटा, जे पाहिजे ते लावा. तरी सवय तीच राहिली, एक गाणं ऐकायचं आणि पुढं. म्हणजे खरं बघितलं तर त्या वर्षातले बरेचसे अल्बम मी तुकड्यातुकड्यानंच ऐकलेत, सबंध आत्ता पहिल्यांदा ऐकतोय. या कामाचा खरा आनंद तोच असणार आहे असं वाटतंय.

१४ डिसेंबर, रविवार

लांब यादी झाली, तीसेक नावं. दिवसभर हिंदी.

'ए दिल है मुश्किल' ला वाईट वाटतंय पण जाऊ द्यावा लागतोय. 'चन्ना मेरेया' अरिजितच्या सगळ्यात मोठ्या गाण्यांपैकी एक आहे आणि 'बुलेया' लागलं की मी हातातलं काम थांबवतो, पण सलग लावला की दोन मोठ्या गाण्यांच्या मधल्या जागा रिकाम्या वाटतात. 'फितूर' अमित त्रिवेदीचा, स्वानंद किरकिरेचे शब्द, 'पश्मीना' आणि झेब बंगशचं 'हमीनस्तु', हा थांबवून ठेवलाय, नक्की सांगता येत नाही.

'मिर्झ्या' नं मात्र धरून ठेवलं. सिनेमा ऑक्टोबरमध्ये आला न् पडला आणि त्याच्याबरोबर लोकांनी गाणी पण टाकून दिली, हे बरोबर झालं नाही. गुलजारांचे शब्द, शंकर-एहसान-लॉय, दलेर मेहंदी, नूरां सिस्टर्स, पलीकडून, पाकिस्तानातून, साईं जहूर आणि अख्तर चनाल जहरी, असे आवाज एका अल्बममध्ये परत कधी जमतील का माहीत नाही. 'आवे रे हिचकी' त शंकर महादेवन आणि मामे खान एकमेकांना जागा देत गातात ते ऐकायला पाहिजे, कुणीही दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. मध्ये छोटे छोटे तुकडे जास्त झालेत तेवढं एक. यादीत.

१७ डिसेंबर, बुधवार

रात्री जेवणं झाल्यावर हेडफोन लावून 'उडता पंजाब'. दिवसा कारखान्याच्या ऑफिसात बसतो, पलीकडं टॉवेलचे माग चालू असतात, तिथं बारीक काही ऐकू येत नाही म्हणून असले अल्बम रात्रीचेच.

सातच गाणी आहेत. पहिल्यापासून सगळी अंगावर येतात, 'चिट्टा वे' तर ऐकून चांगलं वाटायला नकोच आहे, त्यात ती नशा आहे आणि तिची किळस पण आहे, आणि अमित त्रिवेदीनं दोन्ही एकाच ठेक्यात पकडलंय. मग त्या सगळ्या गोंगाटात 'इक कुडी' येतं. शिवकुमार बटालवींची कविता, हा माणूस १९७३ मध्ये छत्तिशीत गेला. कविता म्हणजे हरवलेल्या मुलीची खबर द्यावी तशी, नाव असं, दिसायला अशी, आणि शाहिद माल्या ते इतकं हळू गातो की आपण पुढं वाकून ऐकायला लागतो. कार्डवर हे गाणं एकटं होतं तेव्हा मला ते नुसतं गोड वाटायचं. आज आजूबाजूच्या गाण्यांसकट ऐकलं आणि ती मुलगी खरंच हरवलेली आहे, कुणी शोधत नाहीये, हे पोटात गेलं. घड्याळात साडेबारा झाले होते, परत लावलं.

वरच्या पाचात नक्की.

२१ डिसेंबर, रविवार

आज तेलुगू. हे घरी बसून एकट्यानं करायचंच नव्हतं, म्हणून विडी घरकुलला अक्कांकडं गेलो. अक्का आईच्या मैत्रीण, मला लहानपणापासून अरेतुरे करतात. दुपारी त्यांचं विड्या वळायचं काम चालूच असतं, मांडीवर सूप, पाणी मारून मऊ केलेली पानं, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, नजर कुठंही असली तरी हात चालूच. मी स्पीकर दारात ठेवला आणि म्हणलं, अक्का, पूर्ण अल्बम लावणार, मध्ये बंद करायला सांगू नका. "लाव की, मी कुठं उठून जातेय," म्हणल्या.

आधी 'साहसम् श्वासगा सागिपो'. संगीत ए. आर. रहमानचं, दिग्दर्शक गौतम मेनन, हिरो नागा चैतन्य. तमिळ आणि तेलुगू दोन्ही सिनेमे ११ नोव्हेंबर २०१६ ला आले, म्हणजे नोटबंदी होऊन तीनच दिवस झालेले, तेव्हा एटीएमच्या लाइनी सोडून थेटरला कोण जातंय. गाणी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून वाजत होती. 'वेळ्ळिपोमाके' सुरू झालं न् अक्का म्हणल्या, हा पोरगा कोण बे, रडतोय का गातोय. सिद् श्रीराम. कॅलिफोर्नियात वाढलेला, कर्नाटकी शिकलेला, आणि आवाज असा की प्रत्येक ओळ शेवटाला येऊन थोडी सांडते. गाण्याला नेहमीसारखं ध्रुपद-अंतरा-ध्रुपद नाही, ते नुसतं चढत जातं, मध्ये रॅप येतो, मग परत हाच. मला वाटतं रहमानच्या त्या दशकातल्या कामात हे सगळ्यात धाडसी. नंतर 'तानु नेनु' विजय प्रकाशचं, आणि तिथं अक्का स्वतःच गुणगुणायला लागल्या, हात न थांबवता. मला तेलुगू कामापुरतं कळतं, अक्कांनी मध्ये मध्ये ओळी सांगितल्या, आणि एका ओळीला म्हणल्या हे मराठीत सांगून मजा नाही, तू नुसतं ऐक.

मग 'पेल्ली चूपुलू'. मुलगी बघायच्या कार्यक्रमाचा सिनेमा, जुलै २०१६, दिग्दर्शक तरुण भास्कर, विजय देवरकोंडा तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता, पुढं याला राष्ट्रीय पुरस्कार पण मिळाला. संगीत विवेक सागरचं. मोठ्या हिरोच्या तेलुगू सिनेमात असतो तसला दणका एकही नाही. 'मेरिसे मेरिसे', 'चिनुकु ताके', सगळं घरात बसून वाजवल्यासारखं, गिटार, थोडा जाझचा रंग, गाणारे पण ओरडत नाहीत. अक्कांना रहमानपेक्षा हेच आवडलं. मला नाही तेवढं, पण शांतपणानं जिंकलं हे खरं. दोन्ही यादीत.

निघताना अक्कांनी शेंगा चटणी बांधून दिली.

२४ डिसेंबर, बुधवार

कन्नड. ऑफिसातले मामा अक्कलकोटचे, घरी कन्नडच बोलतात, त्यांनी सुट्टीत बसून 'किरिक पार्टी' पूर्ण ऐकवला. तारीख ३० डिसेंबर २०१६, म्हणजे नियमात बसतो पण जेमतेम, आणि ऐकला तर सगळ्यांनी २०१७ मध्येच. नियम रिलीजचा आहे त्यामुळं आत.

संगीत अजनीश लोकनाथचं. नंतर 'कांतारा' मुळं सगळ्या देशाला माहीत झाला पण मामा म्हणतात आम्हाला तो किरिक पार्टीपासून माहीत आहे, आणि त्यांच्या बोलण्यात अभिमान होता. इंजिनिअरिंग कॉलेजची गोष्ट आहे, 'बेळगेद्दु' विजय प्रकाशनं इतकं हसऱ्या तोंडानं गायलंय की सकाळी लावावं. रविवारी तोच माणूस तेलुगूत ऐकला आणि आज कन्नडमध्ये, मामांना सांगितलं तर म्हणाले मैसूरचा आहे तो, आमचाच. 'कागदद दोणियल्ली' वासुकी वैभवचं, ते आल्यावर कॉलेजची मस्ती संपल्याचं कळतं. हुशारीनं लावलेला क्रम आहे.

मामांनी आणि एक आठवण करून दिली, 'मनसु मल्लिगे', २०१७ चा, म्हणजे सैराटच कन्नडमध्ये, नायिका रिंकूच आणि गाणी पण अजय-अतुलचीच. त्यांच्या गावाकडं म्हणे लोक दोन्ही भाषेतली गाणी एकात एक मिसळून म्हणतात.

२८ डिसेंबर, रविवार

इंग्रजी आणि बाकीचे. पुण्याच्या मित्रानं लिंका पाठवल्या होत्या.

डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' ८ जानेवारी २०१६ ला, त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी आला आणि १० तारखेला तो गेला. आजार त्यानं बाहेर कुणाला कळू दिला नव्हता. सात गाणी, जाझ वाजवणारी मंडळी, सॅक्सोफोन सारखा अस्वस्थ. पहिल्यांदा ऐकताना अवघड जातो, मी पण जोर लावूनच ऐकला, दुसऱ्यांदा 'लाझरस' ला थांबलो. यादीत, पण वर नाही.

लेनर्ड कोहेनचा 'यू वाँट इट डार्कर' मात्र सरळ आत गेला. २१ ऑक्टोबरला अल्बम, ७ नोव्हेंबरला कोहेन गेले, वय ब्याऐंशी. अंग इतकं दुखायचं की घरातच खुर्चीत बसून गायले, मुलानं, अ‍ॅडमनं, रेकॉर्डिंग सांभाळलं. पहिल्याच गाण्यात मॉन्ट्रियलच्या त्यांच्या सिनेगॉगचा कोरस आहे, आणि त्याच्याखाली हा आवाज, गाणं जवळजवळ नाहीच, बोलणंच. देवाशी समोरासमोर बसून बोलतोय, तक्रार पण करतोय आणि तयार पण आहे. मला पंढरपूरच्या वाटेवरची म्हातारी माणसं आठवली, आणि जिल्हाच तो असल्यामुळं ती आम्हाला दर आषाढीला दिसतात, विठ्ठलाशी भांडत चालणारी. एकही कमजोर गाणं नाही.

अनुष्का शंकरचा 'लँड ऑफ गोल्ड' निर्वासितांवर केलेला. सतार, मनू डेलागोचं हँग नावाचं धातूचं वाद्य, आणि संजीव शंकरची सनई. सनई आपण लग्नात ऐकतो, इथं ती घर सोडून निघालेल्यांसाठी वाजते, आणि कानाला ते पटायला वेळ लागतो, मग इतकं पटतं की बास. व्हेनेसा रेडग्रेव्ह एका ठिकाणी कविता वाचते. वर ठेवणार.

'लेमनेड' दोनदा ऐकला. बियॉन्सेनं नवऱ्याच्या फसवणुकीपासून माफीपर्यंत क्रमानं गोष्ट बांधलीय, बांधणीला तोड नाही, मान आहे. माझ्या दहात मात्र तो येत नाही, मनापासून ओढ लागली नाही आणि ओढ हीच कसोटी आहे.

२ जानेवारी २०२६, शुक्रवार

सैराट. मुद्दाम शेवटी ठेवला होता.

हा आमच्या जिल्ह्याचा सिनेमा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, रिंकू अकलूजची, आणि सोलापूरहून रेल्वेनं पुण्याला निघालं की जेऊर स्टेशन लागतंच. २९ एप्रिल २०१६ नंतर कितीतरी महिने असं एकही लग्न नव्हतं जिथं 'झिंगाट' लागलं नाही. म्हणूनच भीती वाटत होती की आता कान बधीर झालेत, खरं काही ऐकूच येणार नाही.

घर झोपल्यावर हेडफोन लावले, डोळे मिटले. 'याड लागलं'. आधी नुसता ऑर्केस्ट्रा, व्हायोलिनं एकदम भरून येतात आणि मग खाली उतरून वाट करून देतात, तिथं अजयचा आवाज, खेडवळ, उघडा, कुठलीच पॉलिश नाही. हे लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर वाजवलंय, जिथं हॉलिवूडच्या सिनेमांचं संगीत होतं, आणि त्यावर करमाळ्याच्या पोराची भाषा. लोक म्हणतात एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्राची गरज काय होती. मला वाटतं गरज होती. गरीब पोराचं प्रेम म्हणून त्याला एक ढोलकी न् एक बासरी द्यायची असं कोण ठरवतं? परश्याला जे वाटत होतं ते एवढंच मोठं होतं, आणि अजय-अतुलनी ते मापात न कापता तेवढंच दिलं.

'आताच बया का बावरलं' श्रेयाचं, आर्चीच्या बाजूनं. मग 'सैराट झालं जी', अजय आणि चिन्मयी, आता दोघं एकत्र. आणि चौथं झिंगाट. क्रम बघा, आधी तो एकटा, मग ती एकटी, मग दोघं, आणि मग अख्खं गाव. वरातीत झिंगाट एकटंच ऐकलं की ते नुसतं नाचायचं गाणं आहे, पण आधीच्या तीन गाण्यांचा भार अंगावर असताना ते आलं की छातीतलं सगळं बाहेर पडतं. कार्डवर चारही गाणी होती तरी या क्रमानं सलग मी कधी ऐकलीच नव्हती कारण दुकानातल्या पोरानं ती वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाकली होती.

वीसेक मिनिटात अल्बम संपतो. लगेच परत लावला.

४ जानेवारी, रविवार

संध्याकाळी गच्चीवर बसलो, मित्र, मामा, आणि वहिनी पण आल्या. कडक भाकरी, चटणी, दही. कच्ची यादी वाचून दाखवली आणि भांडण सुरू.

मित्राचं म्हणणं, चार गाण्यांचा कसला अल्बम, सैराट यादीत घ्यायचाच नाही, घ्यायचा तर वेगळा उल्लेख कर. मी म्हणलं ब्लॅकस्टार सात गाण्यांचा आहे, उडता पंजाब सातचा, कुणी काही बोललं नाही, मग चारला काय धाड भरलीय, त्यातलं एक गाणं काढून दाखव आणि गोष्ट पूर्ण होते का सांग. त्यानं 'आताच बया' काढ म्हणलं. वहिनी एकदम उसळल्या, तेवढं एकच तर आर्चीचं एकटीचं गाणं आहे, तेच काढायला निघालात होय! विषय तिथंच मिटला.

दहाव्या जागेसाठी खरी मारामारी. 'व्हेंटिलेटर' का 'दंगल' का 'फितूर'. व्हेंटिलेटरचं 'या रे या' मला आवडतं, पण त्याचं बाकीचं संगीत सिनेमापासून सुटं काढलं की हलकं पडतं. फितूर लावला, मागचा अर्धा भाग सगळ्यांनी बोलण्यात घालवला, म्हणजे निकाल लागला. दंगलमध्ये दलेर मेहंदीचं शीर्षक गीत लागलं न् मामा, जे तरुणपणी तालमीत जायचे, मांडीवर थाप मारून उठून उभेच राहिले. आणि 'हानिकारक बापू' सरवर न् सरताज खान या राजस्थानच्या दोन पोरांचं, त्यांच्या आवाजात जी तक्रार आहे ती शिकवून येत नाही. 'ए दिल है मुश्किल' पण प्रीतमचाच, म्हणजे त्याचा एक अल्बम गेला, एक राहिला.

९ जानेवारी, शुक्रवार

यादी पक्की. पहिला सैराट. दुसरा कोहेन, तिसरा उडता पंजाब, या दोघांची अदलाबदल आठवडाभर चालू होती, शेवटी कोहेन वर कारण त्यातलं मी काहीच पुढं ढकलू शकत नाही. चौथा साहसम्, पाचवा लँड ऑफ गोल्ड. सहावा किरिक पार्टी, मामांच्या आग्रहानं नाही, गेले दहा-बारा दिवस सकाळी तोच लागतोय म्हणून. सातवा ब्लॅकस्टार, आठवा मिर्झ्या, नववा पेल्ली चूपुलू, दहावा दंगल.

१० जानेवारी, शनिवार

यादी अक्कांना वाचून दाखवली. पेल्ली चूपुलू नववा ऐकून त्यांनी कात्री खाली ठेवली, एवढं चांगलं गाणं आणि एवढं खाली? मी माझी यादी बदललेली नाही, पण त्यांची वेगळी लिहून घेतलीय: पहिला पेल्ली चूपुलू, दुसरा सैराट, तिसरा "तो रडणारा पोरगा". बाकीच्या सात जागा त्यांनी रिकाम्या ठेवायला सांगितल्यात, गड्डा झाला की उरलेले अल्बम घेऊन ये, ऐकते न् सांगते म्हणल्या.